हायड्रोजेलचे बहिःसारण मुद्रण

मऊ, पाणीदार पदार्थ सिरिंजमधून दाबाने बाहेर काढून, संगणकाने आखलेल्या मार्गावर थरावर थर रचत वस्तू घडवण्याची पद्धत. त्रिमितीय मुद्रणाच्या अनेक पद्धतींपैकी ही एक. जैवमुद्रणात, म्हणजे जिवंत पेशींसह केलेल्या मुद्रणात, ती सर्वाधिक वापरली जाते. मऊ रोबॉट आणि गिळण्याचा त्रास असणाऱ्यांसाठीचे मऊ अन्न यांसाठीही तिचा उपयोग होतो.

हायड्रोजेल म्हणजे बहुवारिकांच्या (पॉलिमरच्या, म्हणजे लांब साखळीदार रेणूंच्या) जाळ्यात भरपूर पाणी धरून ठेवणारा पदार्थ. जिलेटिन, कोलॅजेन आणि तपकिरी समुद्रशेवाळापासून मिळणारे अल्जिनेट ही नेहमीची उदाहरणे. स्कॉट क्रम्प यांनी 1989 मध्ये ज्या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला, तिच्यात प्लॅस्टिक वितळवून सोडले जाते आणि थंड होताच ते कडक होते. जेलला ही सोय नाही. त्याची अडचण चकलीच्या सोऱ्यासारखी आहे: पीठ सैल झाले तर चकली पसरते, घट्ट झाले तर दट्ट्याच हलत नाही. म्हणून ‘शाई’ अशी लागते, की दाबाखाली ती पातळ व्हावी आणि सुईबाहेर पडताच पुन्हा घट्ट व्हावी. शाई जमली की नाही, हे सुईच्या टोकाशीच कळते. कच्ची शाई थेंब होऊन लोंबते, बेताची शाई गुळगुळीत धागा सोडते आणि जास्त गोठलेली शाई खडबडीत तुकडे टाकते. सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर धागा मध्येच तुटतो. त्यामुळे भरलेली सिरिंज आधी अपकेंद्रित्रात फिरवून घेण्याची पद्धत आहे.

घट्ट करण्याची रीत पदार्थागणिक वेगळी. अल्जिनेटला कॅल्शियमचे आयन मिळाले की त्याच्या साखळ्या एकमेकींना बांधल्या जातात. कोलॅजेन आम्लात, थंड ठेवले तर द्रवरूप राहते. आम्लता उदासीन होऊन ऊब मिळाली की त्याचे तंतू जुळतात. मेथॅक्रिलेट हा रासायनिक गट जोडलेले जिलेटिन प्रकाशाने पक्के होते. प्लुरॉनिक एफ-127 हे कृत्रिम बहुवारिक साध्या जिलेटिनच्या उलट वागते: गारठ्यात द्रव, खोलीच्या तापमानाला जेल.

पेशी मिसळल्या की आणखी एक पेच येतो. सुई जितकी बारीक तितका तपशील चांगला. पण तितकाच घर्षणाचा ताण वाढतो आणि पेशी मरतात. घट्ट जेलमध्ये आकार टिकतो, पण पेशींना हातपाय पसरायला जागा उरत नाही. आकारासाठी उत्तम शाई आणि पेशींसाठी उत्तम शाई सहसा एक नसते.

या कोंडीतून सर्वांत चतुर वाट निघाली ती शाईकडून उभे राहण्याची अपेक्षाच सोडून दिल्यामुळे. शाई हवेत न सोडता दुसऱ्या जेलच्या भांड्यात सोडायची. हे आधारजेल सुईच्या आसपास तेवढे वाहते, सुई पुढे सरकली की मागे मिटते आणि सोडलेला धागा जागच्या जागी धरून ठेवते. फ्लोरिडा विद्यापीठात थॉमस अँजेलिनी यांच्या गटाने 2015 मध्ये कार्बोपॉलच्या दाणेदार जेलमध्ये असे मुद्रण दाखवले. हात धुण्याच्या जेलला दाटपणा देणारा हाच पदार्थ. त्याच वर्षी कार्नेगी मेलन विद्यापीठात अ‍ॅडम फाइनबर्ग यांच्या गटाने ‘फ्रेश’ ही पद्धत मांडली. तिच्यात आधार जिलेटिनच्या बारीक कणांचा असतो. जिलेटिन मिक्सरमध्ये फिरवून हे कण केले होते आणि यंत्र म्हणून बाजारात मिळणारा साधा प्लॅस्टिक प्रिंटर सिरिंज बसवून वापरला होता. काम झाले की भांडे 37 अंश सेल्सियसपर्यंत तापवायचे. जिलेटिन वितळून निघून जाते आणि छापलेली वस्तू उरते. पेशींनाही तेच तापमान मानवते, हे या पद्धतीचे खरे सौंदर्य.

2019 मध्ये याच गटाने आधारातच आम्लता उदासीन करणारे बफर घालून कोलॅजेन छापले. धागा 20 मायक्रोमीटरपर्यंत बारीक करता आला. तीन पाकळ्यांची झडप झाली आणि हृदयपेशी घातलेला डाव्या जवनिकेचा (हृदयाच्या खालच्या कप्प्याचा) नमुना आकुंचनही पावला. बातम्यांत त्याचे ‘छापील हृदय’ झाले, ते अतिशयोक्तच. नमुना आकुंचन पावणे आणि शरीरभर रक्त ढकलणे यांत फार अंतर आहे. 2020 चे पूर्ण आकाराचे मानवी हृदय तर अल्जिनेटचे होते, पेशींविना. शल्यचिकित्सकांच्या सरावाला असे नमुने उपयोगी पडतात.

जाड ऊती छापण्यातली मोठी अडचण रक्तपुरवठ्याची आहे. ऑक्सिजन ऊतीत साधारण 100 ते 200 मायक्रोमीटरच झिरपतो. त्यापलीकडच्या पेशी गुदमरतात. हार्वर्डमध्ये जेनिफर लुइस यांच्या गटाने प्लुरॉनिकचे धागे जेलमध्ये छापून, मग थंड करून, ते द्रवरूपात काढून घेतले. मागे पोकळ वाहिन्या राहिल्या. याच गटाच्या सहभागाने 2016 मध्ये घडलेल्या ‘ऑक्टोबॉट’ या मऊ रोबॉटच्या सिलिकोनमधल्या वाहिन्याही नंतर नाहीशा होणाऱ्या शाईनेच छापलेल्या होत्या.

डोळ्याच्या पारपटलात (समोरच्या पारदर्शक पडद्यात) रक्तवाहिन्या नसतात आणि ते सुमारे अर्धा मिलिमीटरच जाड असते, म्हणून जैवमुद्रणासाठी ते सोयीचे ठरते. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने तिथल्याच आयआयटी आणि सीसीएमबी (पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्र) यांच्यासह 2022 मध्ये असे पारपटल छापून सशाच्या डोळ्यात बसवल्याचे जाहीर केले. त्याचे हायड्रोजेल मानवी पारपटलाच्या ऊतीतून पेशी काढून टाकून तयार केलेले होते.