जुने ‘एजॅक्स’चे किट आमच्याकडे देण्यापूर्वी

माळ्यावर सापडलेले युद्धनौकेच्या प्लास्टिक मॉडेलचे जुने किट जोडून घ्यायला आमच्याकडे कोणी आले की आम्ही आधी एकच विचारतो: नौका कोणत्या सालातली हवी? रंग, जादा सुटे भाग, लागणारा वेळ, खर्च हे सगळे त्या उत्तरावर ठरते. युद्धनौका तीस-चाळीस वर्षे सेवेत राहते आणि मोठ्या दुरुस्तीगणिक तिचे रूप पालटते. किटमध्ये त्यातले एकच रूप असते.

एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीचे १:६०० प्रमाणातले ‘एचएमएस एजॅक्स’ या ब्रिटिश युद्धनौकेचे किट घ्या. त्यातून ‘आयएनएस दिल्ली’ करून द्या, असे कोणी म्हटले की आम्हाला मनापासून आनंद होतो. दिल्ली म्हणजे पूर्वी न्यूझीलंडकडे असलेली ‘अकिलीस’, एजॅक्सच्याच लिअँडर वर्गातली क्रूझर, म्हणजे मध्यम आकाराची युद्धनौका. १३ डिसेंबर १९३९ रोजी दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ झालेल्या रिव्हर प्लेटच्या लढाईत या दोघी ‘ग्राफ श्पे’ या जर्मन युद्धनौकेविरुद्ध एकत्र लढल्या. ५ जुलै १९४८ रोजी अकिलीस भारतीय नौदलात आली, डिसेंबर १९६१ मध्ये दीवच्या कारवाईत तिने तोफा चालवल्या आणि १९७८ मध्ये मुंबईत निवृत्त झाली.

पण एजॅक्सवर नुसते नाव बदलून दिल्ली होत नाही. ५ जानेवारी १९४३ रोजी प्रशांत महासागरातल्या ग्वादलकनाल बेटाजवळ जपानी बॉम्ब अकिलीसच्या ‘एक्स’ टरेटवर, म्हणजे दोन तोफांच्या फिरत्या बुरुजावर पडला. हे मागच्या दोन टरेटपैकी वरचे. पुढे इंग्लंडमध्ये पोर्ट्समथला झालेल्या दुरुस्तीत ते काढून तिथे विमानविरोधी तोफा बसवल्या, विमान उडवायचे कॅटापल्ट गेले, सरळ डोलकाठ्यांच्या जागी तिपायी काठ्या आल्या. म्हणून दिल्लीवर ६ इंची तोफा सहाच हव्यात, आठ नव्हेत. १९३९ ची अकिलीस हवी असेल तर आठही तोफा राहतील, मात्र ४ इंची तोफा बदलाव्या लागतील. त्या लढाईच्या वेळी एजॅक्सवर त्या जोडीच्या होत्या, अकिलीसवर अजून एकेरी.

तुमच्याकडे छायाचित्रे असतील, विशेषतः घरातले कोणी दिल्लीवर नोकरीला होते म्हणून जपलेली, तर त्यांच्या प्रती अवश्य आणा. फोटोमागे लिहिलेले साल आम्हाला फोटोइतकेच मोलाचे. रिव्हर प्लेटच्या लढाईवरच्या १९५६ च्या रंगीत चित्रपटात दिल्लीनेच अकिलीसचे काम केले आहे. पडद्यावर दिसते ती दुरुस्तीनंतरची नौका, हे लक्षात ठेवून तो पाहावा. तिचे ‘वाय’ टरेट, म्हणजे मागच्या दोनपैकी खालचे, न्यूझीलंडला भेट दिले गेले आणि ऑकलंडला डेव्हनपोर्टच्या नौदल तळाशी उभे आहे. नातेवाईक तिकडे असतील तर चारही बाजूंनी फोटो मागवा; टरेटचा आकार त्यावरून नेमका कळतो.

खरी नौका १६९ मीटर लांब होती, म्हणजे मॉडेल २८ सेंटिमीटरच्या आसपास भरायला हवे. थोडाफार फरक निघाला तर आम्ही हल, म्हणजे नौकेचे धड, कापून जोडत नाही. त्यात प्लास्टिक कमकुवत होते आणि नजरेला फायदा दिसत नाही. मेहनत तोफा, काठ्या आणि कठडे यांवर घ्यावी असे आमचे मत आहे. सुमारे १ मीटर उंचीचा कठडा या प्रमाणात २ मिलिमीटरही भरत नाही. जुन्या साच्यातून प्लास्टिकमध्ये इतके बारीक काम येणे शक्यच नव्हते. तिथे आम्ही कोरीव पितळी पट्ट्या वापरतो, तोफांना कातलेल्या पितळी नळ्या बसवतो आणि दोरखंडासाठी किटच्याच चौकटीचा तुकडा मेणबत्तीवर तापवून केसाइतका ताणून घेतो.

घरी काही करायचे असेल तर इतकेच: सुटे भाग कोमट साबणपाण्यात धुऊन सावलीत वाळवा. साच्याचा तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाही. पिवळी पडलेली डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून मॉडेलवर चिकटवायची छापील चित्रे, पाण्यात घालू नका, ती भुगा होऊन सुटते. आम्ही आधी पारदर्शक लॅकरचा थर देऊन एका तुकड्यावर परीक्षा घेतो. अर्धवट जोडलेले किट ओढून सुटे करू नका, आहे तसे आणा.

मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात मॅट (चमक नसलेले) लॅकर हवेतल्या दमटपणाने पांढुरका पडतो, त्यामुळे जून ते सप्टेंबर आम्ही जोडकाम आणि पितळकाम करतो, शेवटचा हात ऑक्टोबरनंतरच देतो. गणपतीत मॉडेल हवे असेल तर किट आदल्या दिवाळीनंतर लगेच द्या. खोका आणि जोडणीचा कागद फाटला असला तरी सोबत असू द्या; कोणता भाग हरवला आहे हे आम्हाला त्यावरूनच कळते.