नीडल फेल्टिंग: बेळगाव भागातल्या बकऱ्यांच्या लोकरीचे प्राणी

नीडल फेल्टिंग म्हणजे बारीक खाचा असलेल्या सुईने सुटी लोकर टोचून टोचून घट्ट करायची आणि तिला आकार द्यायचा. विणकाम नाही, शिवण नाही, साबण-पाणी नाही, फक्त लोकर, सुई आणि खाली टेकायला एक मऊ उशी. यात सपाट चित्रंही करतात पण शिकायला येणाऱ्याला बहुतेक प्राणीच करायचा असतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यातल्या माणसाला यातली मुख्य गोष्ट दारात मिळते, ती मेंढरांची लोकर. शहरातले लोक तीच छोट्या पाकिटात ऑनलाइन मागवतात आणि आपल्याकडे ती पोत्याने पडून असते. अडचण एवढीच की शिकवणारे बहुतेक व्हिडिओ परदेशी, धुतलेल्या, विंचरलेल्या लोकरीवर केलेले असतात आणि आपली लोकर तशी वागत नाही, म्हणून या नोंदीत लोकरीबद्दलच जास्त लिहिलंय.

कुठून आलं

न विणता लोकर दाबून कापड, म्हणजे फेल्ट, करायची रीत फार जुनी. सायबेरियातल्या अल्ताई डोंगरात पाझिरिक इथल्या थडग्यात फेल्टचे, आत भरण केलेले हंस सापडले, ते साधारण २,३०० ते २,४०० वर्षांपूर्वीचे आहेत, म्हणजे लोकरीचा प्राणी करायची हौस काही आजची नाही. आपल्याकडे काश्मीर-राजस्थानचा नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा गालिचा, प्रसिद्ध आहे आणि आपल्याच भागात न विणता लोकर दाबून केलेलं बुरणूस किंवा जेन असायचं, घोंगडीपेक्षा वेगळं, कारण घोंगडी मागावर विणतात. पण हे सगळं ओलं काम, पाण्याने भिजवून केलेलं. सुईचं काम आलं कारखान्यातून. एकोणिसाव्या शतकात खाचांच्या सुया लावलेली यंत्रं आली, हजारो सुया एकदम खालीवर होऊन फेल्टचे तागे निघायचे. त्यातली एकच सुई हातात धरून काम करायचं हे १९८० च्या दशकात अमेरिकेत एलिनॉर आणि डेव्हिड स्टॅनवुड या जोडप्याने सुरू केलं असं मानतात, आणि तिथून ते जगभर पसरलं.

सुई काय करते

लोकरीच्या धाग्यावर घराच्या कौलांसारखी एकावर एक खवली असतात. ओल्या फेल्टिंगमध्ये गरम पाणी, साबण आणि चोळणं यामुळे ती एकमेकांत अडकतात. सुईच्या कामात खवल्यांपेक्षा सुईच्या खाचा महत्त्वाच्या. त्या खाली तोंड करून असतात, आत जाताना वरचे धागे ओढून नेतात आणि बाहेर येताना सोडून देतात. हजार वेळा टोचलं की आतले धागे एकमेकांत इतके गुंततात की गोळा दगडासारखा होतो. हे नीट समजून घेतलं की आपली जाडीभरडी लोकर या कामाला चालेल का हा प्रश्नच पडत नाही. चालते, आणि अंगाच्या भरणाला तर मेरिनो या परदेशी जातीच्या मेंढीच्या लोकरीपेक्षा लवकर बसते. मेरिनो फार बारीक आणि निसरडी, टोचलेली भोकं वर दिसत राहतात, नवशिक्या माणसाला ती दमवते.

आपली लोकर

या भागात मेंढरांना बकरीच म्हणतात, शेळी वेगळी. धनगर आणि कुरुबर यांचे कळप, कन्नडमध्ये मेंढी म्हणजे कुरी, लोकर म्हणजे उण्णे, घोंगडी म्हणजे कंबळी, आणि बाजारात हे शब्द सर्रास मिसळून चालतात. जुनं जातिवंत बकरं दख्खनी, बहुतेक काळं, लोकर भरड. अथणीच्या बाजूला जतेकडून आलेली माडग्याळ बकरी वाढलीत, अंगाने मोठी, पांढऱ्यावर तपकिरी ठिपके, मटणाला चांगली पण अंगावर लोकर जवळपास नाहीच. म्हणून लोकर घ्यायला जाताना आधी कळप बघायचा. काळी, दाट अंगाची बकरी असतील तिथेच थांबायचं.

कातरणी वर्षातून साधारण दोनदा होते. आज बऱ्याच ठिकाणी लोकरीच्या पैशातून कातरणीची मजुरीसुद्धा सुटत नाही, त्यामुळे लोकर बांधावर टाकून देतात, आणि हे बघून खरंच वाईट वाटतं, कारण याच लोकरीवर घोंगडी विणणाऱ्यांची घरंच्या घरं चालायची. तेव्हा शेतात खतासाठी बकरी बसवायला कुणी आलं असेल, तर त्यांना विचारून, पैसे देऊन लोकर घ्यावी, फुकट मागू नये. मागायचंच तर जावळ मागावं. कोकराची पहिली कातरलेली लोकर म्हणजे जावळ, ती सगळ्यात मऊ असते, टोकाला निमुळती, आणि वरच्या थराला, तोंडाला, कानाला तीच वापरायची. मोठ्या बकऱ्याची लोकर आतल्या भरणाला. पाठीची आणि खांद्याची चांगली, पोटाखालची आणि मागच्या पायांची घेऊ नये, तिच्यात लेंड्या आणि चिखल इतका असतो की धुण्यात जीव जातो.

धुणं आणि पिंजणं

इथे घाई केली की सगळं फुकट जातं. मी पहिल्यांदा लोकर बादलीत टाकून कपड्यासारखी चोळली होती, संध्याकाळी बादलीतून एक अख्खा काळा गठ्ठा निघाला, दोन किलो लोकर गेली, त्यातला एक केस सुटा होईना. चोळायचंच नाही. आधी कोरडी झटकून घ्यायची, गोखरू, कुसळं, काड्या हाताने वेचायच्या, मग रात्रभर साध्या पाण्यात भिजत टाकायची. सकाळी तांबडं पाणी ओतून हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात रिठ्याचं पाणी घालून लोकर हळूच दाबून बुडवायची आणि अर्धा तास तशीच सोडायची. उचलताना जाळीच्या टोपलीत उचलावी. पुढचं पाणी तितकंच गरम हवं, गरमातून एकदम गार पाण्यात टाकली की आवळते. तीन-चार पाण्यात साफ होते. आपल्या लोकरीत मेरिनोइतकं तेल नसतं, घाण असते ती मातीची, म्हणून साबण कमी आणि पाणी जास्त. सावलीत बाजेवर पसरून वाळवायची. खानापूरकडे पावसाळ्यात हे काम काढूच नये, आठवडा झाला तरी वाळत नाही आणि वास धरते.

वाळली की पिंजायची. हँड कार्डर, म्हणजे तारांचे दात असलेल्या दोन हातफळ्या, असतील तर उत्तम, नाहीतर कुत्र्याचे केस विंचरायचा तारेचा ब्रश दोन नग घेतले तरी काम होतं. पिंजताना ताठ, जाड केस आपोआप वर येतात, ते उपटून टाकायचे, ते कधीच आत बसत नाहीत, तयार प्राण्याच्या अंगातून काट्यासारखे बाहेर येतात.

सुया, उशी

सुईचा नंबर जितका मोठा तितकी ती बारीक. सुरुवातीला ३६, अंग बसवायला ३८, तोंडाच्या बारीक कामाला ४०. भरड लोकरीला ३६ आणि ३८ वरच बहुतेक काम होतं. उशीला स्पंज चालतो पण लवकर फाटतो, गोणपाटाच्या पिशवीत तांदूळ भरून तोंड शिवलं की वर्षभर टिकणारी उशी होते. सुई ज्या कोनात आत गेली त्याच कोनात बाहेर काढायची, आत असताना वाकवली की मोडते. मोडली तर टोक सापडेपर्यंत पुढे जायचं नाही, कारण तो प्राणी उद्या पोराच्या हातात जाणार आहे. नजर सुईवर, बोलायचं असेल तर सुई खाली ठेवून बोलायचं.

शिकण्याची वाट

पहिला प्राणी करण्याआधी नुसते गोळे करावेत, चार-पाच, लिंबाएवढे. मूठभर पिंजलेली लोकर घट्ट गुंडाळायची आणि सगळ्या बाजूंनी फिरवत टोचायचं, फिरवलं नाही तर ती उशीलाच चिकटते. बोटाने दाबल्यावर खड्डा पडत नाही तोवर थांबायचं नाही. नवशिक्याचं काम बिघडतं ते इथेच, गोळा मऊ सोडला जातो, मग वर पाय लावले की ते लटपटतात आणि आठवड्याभरात बकरं गुडघ्यावर बसतं. लोकर दाबून निम्म्याहून कमी होते, त्यामुळे सुरुवातीला वाटेल त्यापेक्षा पुष्कळ जास्त घ्यायची.

आपल्याकडच्या पोरांना एक फायदा आहे. कारहुणवीनंतरच्या, म्हणजे ज्येष्ठी पौर्णिमेनंतरच्या अमावस्येला, मण्णेत्तिन अमावस्येला, घरोघरी मातीचे बैल करतात, त्यामुळे वशिंड कुठे येतं, मान किती जाड, मागचे पाय कसे वळतात हे बोटांना लहानपणापासून माहीत असतं. फरक एवढाच की मातीत जास्त झालं तर काढता येतं, लोकरीत काढता येत नाही, फक्त अजून टोचून बारीक करता येतं किंवा वरून लोकर लावता येते. म्हणून नेहमी लहान सुरू करायचं आणि वाढवत न्यायचं.

पाय, कान, शिंगं वेगळी करतात. जोडायचं टोक न टोचता मोकळं, पिसासारखं ठेवायचं, ते अंगावर पसरून खोलवर टोचलं की जोड दिसतही नाही. उभा राहणारा प्राणी असेल तर पायात बांधकामाची बाइंडिंग वायर घालून तिच्यावर लोकर गुंडाळतात. डोळ्याला मंगळसूत्राचे बारीक काळे मणी छान दिसतात, पण मणी बसवण्याआधी सुईने डोळ्याचा खड्डा पाडून घ्यायचा, नाहीतर डोळे बाहेर आल्यासारखे दिसतात.

तोंडाबद्दल थोडं जास्त लिहितो. व्हिडिओतली मेंढी म्हणजे पांढरा गोळा, गोल तोंड, आखूड पाय. ती आपली नव्हे. दख्खनी बकऱ्याचं नाक कपाळापासून खाली कमानीसारखं फुगीर येतं, कान लांब आणि लोंबते, पाय उंच, शेपूट बारीक. हे नाक करायला डोक्याच्या गोळ्यावर कपाळापासून नाकपुडीपर्यंत जावळाची एक पट्टी ठेवायची, दोन्ही कडा खोल टोचायच्या आणि मधला भाग जवळजवळ सोडून द्यायचा, म्हणजे तो आपोआप उंच राहतो. मग नाकपुड्या, मग ओठाची रेघ ४० नंबरच्या सुईने एकाच ओळीत पुन्हा पुन्हा. एवढं जमलं की निपाणीतला कुठलाही माणूस लांबून सांगेल की हे आपल्याकडचं बकरं आहे. माझ्या मते शिकण्यातला सगळ्यात मोठा टप्पा हाच, आणि तो स्क्रीनवर बघून येत नाही, कळपाशेजारी बसून तासभर बघावं लागतं.

काळी लोकर रंगवता येत नाही असं म्हणून लोक ती नाकारतात. पण म्हैस काळी, अस्वल काळं, कावळा काळा, आणि भीमगडच्या जंगलातून खानापूरच्या शेतात उतरणारा गवासुद्धा काळपट तपकिरी. गव्याला वरचं सगळं अंग नैसर्गिक काळ्या-तपकिरी लोकरीचं आणि गुडघ्याखाली पांढऱ्या लोकरीचे पायमोजे, एवढ्यावर तो उभा राहतो, रंगाचा थेंब लागत नाही. खिल्लार बैलाला मात्र पांढरी लोकर लागते, ती मिश्र कळपातून शोधून वेगळी ठेवावी लागते, काळ्याचा एक झुपका मिसळला तरी करडं दिसतं.

राखणं

लोकरीला कसर लागते. कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून कापडी पिशवीत ठेवायची आणि पावसाळ्यात ऊन पडेल तेव्हा बाहेर काढायची. प्राण्यालाच कसर लागली तर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दोन आठवडे फ्रीजरमध्ये ठेवतात, अळ्या मरतात, मग ब्रशने झाडून खाल्लेल्या जागी नवी लोकर टोचली की तो पुन्हा भरून येतो.