फहूद (ओमान)
ओमानच्या इब्री विलायतीतील (तालुक्यासारख्या विभागातील) तेलवस्ती. ओमानी खेडे सहसा फलजाच्या (पाटाच्या) पाण्याभोवती, खजुरांच्या सावलीत वाढते. जबल फहूद या डोंगराच्या उघड्याबोडक्या चुनखडी कण्याखालची ही वस्ती मात्र तेलविहिरींभोवती वाढली. उन्हाळ्यात इथे पारा पन्नाशीकडे सरकतो.

हा दुरू टोळीचा चराईप्रदेश. 1954 मध्ये भूवैज्ञानिकांचा काफिला दुक्म किनाऱ्यावरून इथे पोहोचला, तो दुरू शेखांशी बोलणी करूनच. 1956 मध्ये सुरू झालेली पहिली विहीर कोरडी निघाली. ती भूस्तरभंगाच्या (जिथे खडकांचे थर तुटून सरकलेले असतात त्या रेषेच्या) चुकीच्या बाजूला पडली होती. तेल अवघ्या काहीशे मीटरवर होते. 1960 मध्ये तेलशोधातल्या बहुतेक भागीदार कंपन्या निघून गेल्या, शेल आणि पार्टेक्स टिकल्या. 1964 मध्ये तेल सापडले आणि 27 जुलै 1967 रोजी मस्कतजवळच्या मिना अल फहल बंदरातून ओमानची पहिली निर्यात झाली.

इथला साठा नातिह नावाच्या चुनखडीच्या थरांत आहे. खडकाला भेगा पुष्कळ, पण तेल अडकलेले असते भेगांमधल्या घट्ट ठोकळ्यांत. पाणी दाबून सोडले तर ते भेगांतून थेट उत्पादन विहिरीत शिरते आणि ठोकळे तसेच भरलेले राहतात. म्हणून साठ्याच्या माथ्यावर वायू सोडतात. भेगांतले तेल खाली सरकते, भोवती वायू आल्यावर ठोकळ्यांतले तेलही स्वतःच्या वजनाने झिरपते आणि वायू व पाणी यांच्यामधल्या पातळ थरात साचते. तिथे आडव्या विहिरी खोदतात. उपसा हावरटपणे केला, की वरून वायू नाहीतर खालून पाणी ओढले जाते. झिरपण्याचा वेग माणसाच्या हातात नाही. धीर हाच इथला मुख्य खर्च म्हणावा.

भूगर्भातील संपत्ती राज्याची असल्याने टोळीला तेलाचा हिस्सा मिळत नाही; मिळते ते काम. टँकरने पाणी, कामगारांच्या बसगाड्या, पहारा आणि कच्च्या रस्त्यांची निगा ही कामे स्थानिकांकडे जावीत म्हणून स्थानिक कंत्राटदार कंपन्यांची पद्धत आहे. छावण्यांतल्या खानावळी, साफसफाई आणि दुरुस्तीच्या कामावर भारतीय उपखंडातले मजूर पुष्कळ.

रस्त्यांचे काम संपत नाही. अवजड वाहनांच्या वर्दळीने खडीच्या रस्त्यावर पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या लाटा उठतात. ग्रेडरने (रस्ता सपाट करणाऱ्या यंत्राने) त्या नुसत्या वरवर खरवडल्या तर लवकरच परत येतात. लाटेच्या तळापर्यंत खरवडून, पाणी मारून दाबावे लागते. रात्री रस्त्यावर येणारे उंट हा वेगळाच धोका: पाय उंच असल्याने धडकेत त्यांचे धड थेट काचेवर आदळते.