बोर्दो डावी की उजवी? बाटली उघडायच्या आधी एवढं बघा

दोन्ही वाईनच्या बाटल्यांवर बोर्दो, म्हणजे फ्रान्समधल्या वाईनच्या प्रदेशाचं नावच लिहिलेलं, दोन्ही लाल, द्राक्षंही बहुतेक तीच, मग एक आत्ता उघडली तरी मस्त लागते आणि दुसरी तोंड आवळून टाकते, असं का? लेबलवर बऱ्याचदा द्राक्षाचं नाव नसतंच, गावाचं असतं, त्यामुळे गोंधळ होणारच.

गारोन आणि दोर्दोन्य या नद्या मिळून जिरोंदची खाडी होते. समुद्राकडे तोंड करून उभं राहिलात तर डाव्या हाताला मेदोक, म्हणजे पोयाक, मार्गो वगैरे गावं, आणि उजवीकडे सँतेमिलियों आणि पोमरोल. डावीकडे खडीची जमीन, पाणी झटकन निचरतं, दगड ऊब धरून ठेवतात, म्हणून उशिरा पिकणारं काबर्ने सोव्हिन्यों हे द्राक्ष तिथे नीट पिकतं. त्याचा दाणा बारीक, साल जाड, आणि टॅनिन, म्हणजे वाईनला तुरट करणारं द्रव्य, येतं ते मुख्यतः साल-बियांतूनच. उजवीकडे चिकणमाती आणि चुनखडी, तिथे लवकर पिकणारं मर्लो, जोडीला काबर्ने फ्रां.

आता घोट घ्या, पण लगेच गिळू नका, हिरड्यांकडे लक्ष द्या. जांभूळ खाल्ल्यावर तोंड कसं कोरडं पडतं, तोच तुरटपणा, तेच टॅनिन. खूप जण याला आंबट म्हणतात पण आंबटाने तोंडाला पाणी सुटतं, हे बरोबर उलटं आहे. डावीची पकड घट्ट असते, आणि वासात पेन्सिलला टोक काढताना येतो तसा लाकडाचा वास (मला हा फार आवडतो). उजवी भरलेली, मऊ, पिकलेल्या प्लमसारखी.

मुरवायचं गणितही इथूनच येतं. वर्षं जातात तसे टॅनिनचे कण एकमेकांना धरून जड होतात, काही गाळ होऊन तळाला बसतात, तुरटपणा निवतो. चांगल्या वर्षीच्या पोयाकला 10-15 वर्षं खुशाल द्या, मर्लोवाली त्याआधीच खुलते. पण उजवी म्हणजे टिकत नाही हे साफ चूक, पोमरोलची पेत्रुस ही वाईन जवळजवळ सगळी मर्लोच असते आणि ती कित्येक दशकं टिकते. बोर्दोच्या वाईनची प्रतवारी करणाऱ्या 1855 च्या प्रसिद्ध यादीत उजवीकडची एकही वाईन नाही, म्हणून ती हलकी असंही धरू नका. आणि साधी स्वस्त बोर्दो मात्र कुठलीही असो, दोन-चार वर्षांत पिऊन टाका.

हे सगळं बाटली गार ठेवली तरच हं. मी पुण्यात एक पोयाक कपाटात तीन उन्हाळे ठेवली होती, उघडली तर शिजवलेल्या फळाचा वास, आणि फार वाईट वाटलं. 12-13 डिग्री, अंधार, बूच ओलं राहावं म्हणून बाटली आडवी. जुनी बाटली उघडायच्या आदल्या दिवशी उभी करा म्हणजे गाळ खाली बसेल, मग हळूच ओता आणि ग्लास पांढऱ्या कागदावर तिरपा धरून कडेचा रंग बघा, जांभळट दिसली तर अजून कोवळी आहे, विटकरी झाली असेल तर मुरलीय.