नदीतला दगड धुतला की टाकीत चालतो?

‘नदीतला दगड नैसर्गिक, धुऊन घेतला की माशांच्या टाकीत कुठलाही चालतो,’ असं आपल्या बेळगावकडे बरेच जण सांगतात. धुण्याने माती जाते, दगड बदलत नाही. आपला काळा बसाल्ट बिनधोक. पण बागलकोटकडच्या चुनखडीत कॅल्शियम कार्बोनेट असतं. ते हळूहळू विरघळून पाणी जड (जास्त क्षारांचं) करतं, पीएच (पाणी आम्ल की अल्क हे सांगणारा आकडा) वाढवतं. निऑन टेट्रासारख्या माशांना ते मानवत नाही.

कोरडा दगड खिळ्याने खरवडून त्यावर व्हिनेगरचे थेंब टाका. बुडबुडे आले तर चुना आहे. न आल्यास, व्हिनेगर सौम्य असल्याने, आणखी एक खात्री करा: एका बादलीत दगड, दुसरीत नुसतं तेच पाणी, आठवड्याने दोन्हींचा जडपणा पाणी तपासायच्या किटने मोजा; दगडाच्या बादलीत तो जास्त निघाला तर दगडात चुना आहे. आणि कृपा करून दगड उकळू नका, आत अडकलेल्या पाण्याने तो फुटू शकतो.