तळघर मे महिन्यात कोरडंच असतं

ठाण्यातल्या जुन्या दगडी घरांची तळघरं अडगळीसाठी होती. भिंती काळ्या दगडाच्या, दर्जा, म्हणजे दगडांमधले सांधे, चुन्याच्या. काळा दगड पाणी फारसं पीत नाही, ओल दर्जांतून येते. पण चुना ती हवेत सोडून देतो, म्हणून ती साचत नसे.

पोर्टलंड सिमेंटचं पेटंट 1824 चं, इंग्लंडमधलं. ते इथे रुळल्यावर चुन्याच्या भिंतींवरही सिमेंटचा गिलावा चढला आणि लोणा, म्हणजे भिंतीवर फुटणारे क्षार, वाढला. वाट बंद झालेलं पाणी भिंतीत वर चढतं, गिलावा संपतो तिथे पांढरी भुकटी सोडतं. अशा भिंतीचा सिमेंट गिलावा उतरवून पुन्हा चुन्याचाच करावा.

काँक्रीटच्या तळघराला मुंबईकडे ‘बॉक्स’ करतात: खाली पीसीसीवर (साध्या, सळ्या नसलेल्या काँक्रीटच्या थरावर) शहाबादी फरशी, सांधे वॉटरप्रूफिंग कंपाउंडच्या मसाल्याने भरलेले, त्यावर राफ्ट, म्हणजे तळाचा सळ्यांचा काँक्रीट स्लॅब, भिंतींनाही बाहेरून फरशी. पाणी बाहेरच अडवायचं, हीच खरी रीत. घर उभं राहिल्यावर मात्र बहुतेकदा आतूनच काम करावं लागतं.

नवी मुंबईत प्रश्न वेगळा. 1970 साली सिडको स्थापन झाली, खाडीकाठच्या सखल जमिनीवर भराव पडला, पावसाचं पाणी साठवणारे धारण तलाव झाले. भरतीला त्यांची झडपं मिटतात. त्याच वेळी मुसळधार पाऊस असला की पाणी तुंबतं, जमिनीखालची पातळीही चढते. फरशीच्या वर मीटरभर पातळी म्हणजे खालून दर चौरस मीटरला टनभर रेटा. साधा रंग त्यापुढे सोलून निघतो.

म्हणून तळघराच्या ओलीची परीक्षा कोरड्या मेमध्ये नको, जुलै-ऑगस्टमध्येच घ्या. 45 सेंमी चौरस प्लास्टिक चारी बाजूंनी टेपने भिंतीला चिकटवा, दिवसभर ठेवा. थेंब प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला असतील तर पाणी भिंतीतलं, खोलीकडच्या बाजूला असतील तर हवेतलं.

काँक्रीटच्या भिंतीतलं असेल तर काँक्रीट उघडं करा, भेगांत ग्राउट (पातळ सिमेंटी मसाला) भरा, जमीन-भिंतीच्या सांध्याला वाटा, म्हणजे मसाल्याची गोलाई, मारा. मग ओलसर पृष्ठावर सिमेंटयुक्त कोटिंगचे दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा. कोरड्या काँक्रीटवर दिलं तर ते कोटिंगमधलं पाणी ओढून घेतं आणि थर भुसभुशीत राहतो. तळघराचा वापर बदलायला महापालिकेची परवानगी लागते, ती कामाआधीच घ्या.

हवेतलं असेल तर पावसाळ्यात खिडक्या उघडून ते वाढतंच, कारण बाहेरची दमट हवा गार भिंतीवर पाणी धरते. खिडक्या मिटा, डीह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारं यंत्र) चालवा, कपाटं भिंतीपासून 10 सेंमी पुढे ठेवा.