क्रिएटिव्ह डिस्ट्रक्शन लॅब

क्रिएटिव्ह डिस्ट्रक्शन लॅब (सीडीएल) : विज्ञानाधारित स्टार्टअपना अगदी सुरुवातीच्या काळात मार्गदर्शन करणारा ना-नफा कार्यक्रम. कॅनडातील टोरांटो विद्यापीठाच्या रॉटमन स्कूल ऑफ मॅनेजमेंट या बिझनेस स्कूलमध्ये प्राध्यापक अजय अग्रवाल यांनी तो २०१२ मध्ये सुरू केला. जुने उद्योग मोडत नवे उभे राहतात, या अर्थाची ‘सर्जनशील विध्वंस’ ही संकल्पना अर्थशास्त्रज्ञ योझेफ शुंपेटर यांनी रुजवली. कार्यक्रमाचे नाव तिच्यावरून घेतले आहे.

संशोधकाकडे ज्ञान असते, पेटंट असते, कधी चालता नमुनाही तयार असतो. घोडे अडते ते पुढे. पहिले गिऱ्हाईक कोण? आधी माणूस नेमायचा की यंत्र घ्यायचे? तंत्रज्ञान परवान्याने दुसऱ्याला द्यायचे की स्वतः माल काढायचा? हे सगळे आधी करून चुकलेला आणि शिकलेला माणूस सिलिकॉन व्हॅलीत गाठता येतो, इतर शहरांत तो सहजी सापडत नाही. अग्रवाल यांचा मूळ मुद्दा हाच आहे : अशा निर्णयबुद्धीची बाजारात नीट देवघेव होत नाही.

कार्यक्रम साधारण नऊ महिने चालतो आणि दर आठ आठवड्यांनी सत्र भरते. स्वतः कंपन्या उभारलेले उद्योजक, गुंतवणूकदार आणि शास्त्रज्ञ समोर बसतात आणि प्रत्येक स्टार्टअपसाठी पुढच्या आठ आठवड्यांची तीन उद्दिष्टे ठरवतात. तीनच, हे महत्त्वाचे. समजा, रक्ततपासणीचा नवा सेन्सर बनवणाऱ्या संशोधिकेला त्याची अचूकता आणखी अर्ध्या टक्क्याने वाढवायची आहे. प्रयोगशाळेत वाढलेल्या माणसाला ते साहजिकच पहिले काम वाटते. मार्गदर्शक तिला सांगू शकतात, की ते राहू दे. आधी दहा रुग्णालयांच्या खरेदी विभागांना भेट आणि आज ते किती पैसे मोजतात ते विचारून ये. बिझनेस स्कूल शास्त्रज्ञाला देते ती सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे कामांचा हा क्रम. ताळेबंद वाचणे पुस्तकातूनही शिकता येते.

सत्राच्या शेवटी या स्टार्टअपसाठी आपला वेळ द्यायला कोण तयार आहे, असे मार्गदर्शकांना विचारले जाते. एकही हात वर झाला नाही, तर ते स्टार्टअप कार्यक्रमातून बाहेर पडते. इतके खपलेल्या संशोधकाला हे फार लागते. पण बाहेर पडलेल्याचे विज्ञान खोटे ठरत नाही, त्यातून धंदा उभा राहील अशी खात्री त्या घडीला कोणाला वाटली नाही, एवढेच. सीडीएल स्वतः भागभांडवल मागत नाही. मार्गदर्शक मात्र स्वखुशीने पैसे गुंतवू शकतात.

रॉटमनचे एमबीएचे विद्यार्थी या स्टार्टअपसोबत काम करतात : बाजारपेठेचा अंदाज, किंमत, आर्थिक आराखडा. ते त्यांच्या अभ्यासक्रमातच मोजले जाते. विज्ञान विभाग आणि व्यवस्थापन विभाग एकाच विद्यापीठात असूनही एरवी एकमेकांच्या वाऱ्याला उभे राहत नाहीत. इथे त्यांना एका टेबलावर बसावेच लागते.

टोरांटोत संगणकशास्त्रज्ञ जेफ्री हिंटन यांच्यामुळे यंत्र-शिक्षणाचे (मशीन लर्निंग, म्हणजे संगणकाने उदाहरणांवरून शिकणे) संशोधन आधीच भरात होते. सीडीएलमध्ये त्या विषयाची स्वतंत्र शाखा २०१५ मध्ये निघाली, क्वांटम संगणनाची २०१७ मध्ये, आणि पुढे अवकाश तंत्रज्ञानाचीही. कॅनडातील इतर शहरांसह ऑक्सफर्डचे सईद बिझनेस स्कूल आणि पॅरिसचे एचईसी हे बिझनेस स्कूल येथेही हा कार्यक्रम पुढे सुरू झाला.